नीट लावलेल्या फायली

भाऊसाहेबांनी सलाम ठोकला. उजवा हात वर गेला, टोपीला लागला, आणि आणखी एक उजवा हात खाली मांडीशी तसाच लोंबत राहिला.

इरफानने पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा तेच. एक हात सलाम करतोय, दुसरा निवांत, तिसरा डाव्या बाजूला पिशवी धरून. स्टुडिओचे मालक मगदूमसाहेब मागे उभे होते.

"ह्यो तिसरा हात कुणाचा गा, इरफान?"

"फाइल आली तशी मी हलवली, साहेब. त्यातच होता."

"मग फाइल कुणी लावली?"

"मी लावली," मी म्हणाले. "दोन हात एकावर एक बसले होते. माझ्या नजरेतून सुटलं."

शेजारच्या टेबलाशी आवटीकाकू बसल्या होत्या. चित्र त्यांनीच काढलेलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि पडद्याकडे बघत म्हणाल्या, "दोन? मी एकच काढला होता."

"तुम्हाला कोण म्हणतंय बाई," साहेब म्हणाले. "चित्र कसं, एक नंबर आहे. स्वरूपा, तुझे डोळे कुठं असतात?"

मी मान खाली घातली. साहेब गेल्यावर इरफान हसायला लागला, मीही हसले. तीन हातांचा पोस्टमन असता तर टपाल लवकर तरी मिळालं असतं, असं काहीतरी तो म्हणाला. काकू मात्र हसल्या नाहीत. थोड्या वेळाने खुर्ची माझ्याकडे सरकवून हळूच म्हणाल्या, "स्वरूपा, मी एकच काढला होता ना गं?"

"व्हय काकू. कळ दोनदा दाबली गेली असेल, त्यात काय एवढं."

हे मीच सांगितलं. त्यांनी कारण मागितलं नव्हतं, मी आपणहून दिलं.

ही दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत खाली पिठाची गिरणी आणि वर आमचा स्टुडिओ होता. गिरणी सुरू झाली की टेबलं थरथरायची आणि सकाळी पडद्यांवरून बोट फिरवलं तर पांढरं व्हायचं. शाळेच्या मुलांसाठी आम्ही हलत्या चित्रांचे धडे बनवायचो. त्या वर्षी सहावीचं विज्ञान होतं. भाऊसाहेब हे रक्तातले पोस्टमन. पिशवीत प्राणवायू भरून घेऊन ते अंगभर हिंडायचे, गुडघ्याला द्यायचे, मेंदूला द्यायचे, करंगळीलासुद्धा विसरायचे नाहीत.

हलणारं चित्र म्हणजे एक चित्र नसतंच. काचा एकावर एक ठेवाव्यात तसे त्यात थर असतात, त्यांना लेयर म्हणायचं. एका लेयरवर टोपी, एकावर डावी मिशी, एकावर दंड, एकावर कोपराखालचा हात. जो अवयव हलवायचा तो सुटा पाहिजे, त्याला ठरलेलं नाव पाहिजे आणि तो आपल्या जागी, कुणाच्या तरी वर आणि कुणाच्या तरी खाली पाहिजे. चित्र काढणाऱ्याकडून फाइल येते तेव्हा तिच्यात हे सगळं असतं, पण जेवणावळीनंतरच्या मोरीसारखं. चित्रकार रांधून मोकळे, ॲनिमेटर जेवून मोकळे, भांडी माझी. मी घासायची, पुसायची आणि मांडणीवर लावून ठेवायची. हुपरीहून सकाळची बस धरायची, दिवसभर दुसऱ्यांचे हातपाय वेगळे करायचे आणि संध्याकाळच्या बसला उभ्याने परत जायचं. घरी गेल्यावर मुलगी काही दाखवायला आली की डोळ्यांसमोर आधी तिचा खांदा, दंड, कोपर असं यायचं. इतकी मी थकलेली असायची.

काकूंची फाइल आली की मात्र मला बरं वाटायचं. इंदुमती आवटी हे त्यांचं पूर्ण नाव. पंचवीस वर्षं त्यांनी शाळांचे भिंतीवरचे तक्ते रंगवले होते: हृदय, डोळा, पानांचे प्रकार. तक्ते छापायचे बंद झाले तेव्हा एकोणपन्नासाव्या वर्षी त्या संगणकावर काढायला शिकल्या आणि आमच्यातल्या सगळ्यांना मागे टाकलं. बाकीचे चित्रकार दिसेल तेवढंच काढायचे. हात बाजूला केला की खाली सदऱ्याला भोक. काकू मागचंही काढायच्या. टोपीखाली पूर्ण टक्कल, पिशवीमागे पूर्ण कंबर. "झाकलंय म्हणून नाही, असं कसं?" म्हणायच्या.

आणि त्यांची नावं. ठरलेली नावं द्या म्हणून साहेबांनी दहा वेळा सांगून हात टेकले होते. काकूंच्या लेयरवर लिहिलेलं असायचं, "मिशी, डावी, जास्त शहाणी." किंवा "टोपी, बायको ओरडते तरी घालतात ती." किंवा "पोट, आज पाच चपात्या." इरफानच्या सॉफ्टवेअरला असलं काही कळायचं नाही, म्हणून मी ती पुसून "मिशी-डावी", "टोपी", "पोट" असं करायची. पुसायच्या आधी एकदा वाचायची. दिवसातलं तेवढंच हसणं.

कामाची रीत साधी होती. काकूंची फाइल माझ्या मशीनवर यायची. ती होती तशी मी "मूळ" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची, कारण मुळातलं काही खोडायचं नाही असा साहेबांचा दंडक होता. मग तिची नक्कल करून मी नीट लावायची आणि ती "तयार" म्हणून सगळ्यांच्या मशीनवर टाकायची. इरफान तिथून घ्यायचा. काकूही पुढचा प्रसंग काढायला दुसऱ्या दिवशी तीच, मी लावलेली फाइल उघडायच्या. "मूळ"मध्ये माझ्याशिवाय कुणी जात नसे.

तीन हातांच्या प्रकारानंतर मी कानाला खडा लावला. प्रत्येक लेयर नावाशेजारचा डोळा मिटून-उघडून बघायला लागले, म्हणजे एक लपवायचा आणि खाली काय आहे ते बघायचं. तेव्हा दिसलं की हात एकटाच नव्हता. पुढच्या फाइलीत दोन डाव्या मिशा होत्या. त्याच्या पुढच्या फाइलीत तीन टोप्या. पडद्यावर एकच टोपी दिसायची, कारण तिन्ही एकमेकींवर अगदी चपखल बसलेल्या. लेयरची यादी उघडल्याशिवाय कुणाला कळणं शक्य नव्हतं, आणि यादी फक्त मी उघडायची.

मी जास्तीच्या काढून टाकल्या. एक ठेवली.

पूर्वी काकूंच्या फाइलीत चाळीस-पंचेचाळीस लेयर असायचे. गणपतीपर्यंत ते सव्वाशेवर गेले. आणि नावं बदलली. "उजवा हात. सोमवारी काढला." मला वाटलं, काकू आता रोजनिशी लिहायला लागल्या. "उजवा हात. काढून झाला. परत काढू नये." तेव्हाही मी हसले. तिसऱ्या हाताची थट्टा आहे, स्वतःलाच चिमटा काढतायत, असं वाटलं. मग एका टोपीवर होतं, "ही कुणी काढली?" एका मिशीवर, "जास्तीची असेल तर पुसावी." मी पुसली. सगळी पुसली आणि लिहिलं, "मिशी-डावी."

नवरात्रात एक फाइल आली, तिच्यात अकरा पिशव्या होत्या. चुकून कळ दाबली गेली की नक्कल होते ती रेषेला रेष तीच असते. या तशा नव्हत्या. प्रत्येकीचा पट्टा केसभर वेगळा, प्रत्येकीचं बक्कल नव्याने काढलेलं, प्रत्येकीमागे पूर्ण कंबर. म्हणजे काकूंनी एकच पिशवी अकरा वेळा बसून काढली होती, आणि दर वेळी पहिल्यांदाच काढतोय असं समजून. सगळ्यात वरच्या पिशवीवर लिहिलं होतं, "स्वरूपाला विचारायचं."

त्या दिवशी मला कळलं. कळलं नाही असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होते, पण कळलं होतं. मी खाली गिरणीपाशी जाऊन चहा घेतला, वर आले आणि दहा पिशव्या काढून टाकल्या. अकरावीचं नाव "पिशवी" केलं. तुम्ही म्हणाल, एवढ्या चांगल्या बाईला तेव्हाच का नाही विचारलंस? काय विचारायचं होतं? काकू, तुम्हाला काय होतंय? आणि त्यांनी सांगितलं असतं तर पुढे काय? साहेबांना सांगायचं, घरी सांगायचं, त्यांचं रडणं बघायचं. दहा पिशव्या काढून टाकायला सात मिनिटं लागतात. मला सात मिनिटांचं काम झेपत होतं.

शिवाय कारणही होतं, आणि ते मला फार उपयोगी पडलं. त्याच आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बाईंच्या एका फाइलीला तुला दोन-दोन दिवस लागालेत. पूर्वी अर्ध्या दिवसात व्हायची. काय भानगड आहे?"

"काही नाही साहेब."

"पुण्याचा एक चित्रकार आहे. तो म्हणतोय, फाइल लावूनच देतो, मधे कुणी लागत नाही. बाईंचं वयही झालंय. त्यांना आता विश्रांती देऊया का?"

काकू मला एकदा म्हणाल्या होत्या, हे काम सुटलं तर मी घरात बसून भिंतीकडे बघू काय? त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांचे मिस्टर, आवटी सर, शाळेतून निवृत्त होऊन आपल्या बागेत रमले होते. काकूंचा सगळा जीव त्या पडद्यात होता.

"फाइल चांगली असते साहेब," मी म्हणाले. "माझाच हात चालेना. पोरगी आजारी आहे, झोप होत नाही."

"बरं. पोरीला बघ. पण आवर जरा."

पोरगी ठणठणीत होती. तिचं नाव घेऊन खोटं बोलल्याचं मला आठवडाभर टोचत राहिलं, आणि गंमत अशी की तेवढंच टोचलं. बाकीचं सगळं मला पुण्यकर्म वाटत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई म्हणायची. काकूंची मूठ मी झाकून धरली होती, आणि माझाही हात त्यात दुखत होता, म्हणून मला ते अधिकच थोर वाटायचं.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी आम्ही दोघी डबा खात होतो. इरफान नमाजाला गेला होता. गिरणी बंद होती, म्हणून शांत होतं. काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसल्या.

"डोकं दुखतंय का काकू?"

"ते दुखतंच. सरांनी चष्मा बदलून आणला, तरी दुखतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "स्वरूपा, तू माझ्या फायली उघडतेस तेव्हा नावं वाचतेस का गं? लेयरची?"

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, डब्याच्या झाकणाकडे बघत होत्या. मला तेव्हा एवढंच वाटलं की यांना लाज वाटायला नको. दोघींनाही अवघड व्हायला नको.

"वाचते की," मी म्हणाले. "हसते. परवा तर एकटीच खुदुखुदु हसत बसले होते, इरफान म्हणाला, ताई बिघडल्या."

"हसतेस?"

"मग काय. तुमची नावं म्हणजे काय."

"बरं," काकू म्हणाल्या. "हसतेस ना, बरं झालं." आणि त्यांनी तो तुकडा डब्यात ठेवून झाकण लावलं.

त्यानंतरच्या फायलींत नावं नव्हतीच. लेयर एक, लेयर दोन, लेयर तीन, एकशे ऐंशीपर्यंत. संगणक आपोआप देतो तेवढीच. खरं सांगते, मला हायसं वाटलं. वाचायचं काही उरलं नव्हतं, काम भराभर व्हायला लागलं. साहेबसुद्धा म्हणाले, "बघ, मनावर घेतलं की जमतंय."

जानेवारीत काकू भाजी मंडईत पडल्या. कुणीतरी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी, दुपारी बाराच्या सुमाराला आवटी सर स्टुडिओत आले. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. जिने चढून धाप लागली होती, तरी खुर्चीवर बसायला तयार नव्हते. साहेबांनी हाताला धरून बसवलं. मी आणि इरफान आपापल्या जागी होतो, सगळं ऐकू येत होतं.

"डोक्यात गाठ आहे," सर म्हणाले. "फोटो काढलाय. डॉक्टर विचारतात, हे कधीपासून चाललंय? पंधरा-वीस दिवसांत एवढं झालं असेल तर गाठ वाईट आहे, म्हणतात, मग चिरफाड करून तिचे हाल कशाला करायचे. आणि सहा-आठ महिन्यांपासून हळूहळू वाढत असेल तर ऑपरेशन करू, आशा आहे. त्यांना ठरवायचंय. इंदू तर नीट बोलेना. मला काही सांगता येईना."

"घरी काही जाणवलं नाही?"

"ती गप्पच असते हो. डोकं दुखतं म्हणाली, मी चष्मा आणला." सरांनी हात चोळले. "चाळीस वर्षं मुलांना निरीक्षण करा, निरीक्षण करा म्हणून शिकवलं मी. म्हणून इथे आलो. दिवसभर ती इथे असते. तुमच्या कुणाच्या काही लक्षात आलं असेल, कामात चूक, विसरणं..."

"अजिबात नाही," मगदूमसाहेब मनापासून म्हणाले. "उलट, बाईंचं काम शेवटपर्यंत एक नंबर. हे बघा." त्यांनी काकूंच्या मशीनवर "तयार" फोल्डर उघडलं. एकेक फाइल, जूनपासून जानेवारीपर्यंत. एक टोपी, दोन मिशा, दोन हात, एक पिशवी. सगळं सुटं, सगळं जागच्या जागी. सर चष्मा वर करून बघत होते. साहेब म्हणाले, "बघा, परवाची फाइल आणि जूनची फाइल, काही फरक आहे का?"

"नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज बसला. "म्हणजे अलीकडचंच म्हणायचं. तसं सांगतो मग डॉक्टरांना."

ते उठले. दाराकडे चार पावलं गेलेसुद्धा. नोकरी जाईल हे मनात आलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त मला त्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं.

"सर," मी म्हणाले, "थांबा. ती काकूंची फाइल नाही. ती माझी आहे."

मी माझ्या मशीनवर "मूळ" उघडलं. सरांना माझ्या खुर्चीवर बसवलं आणि जूनची पहिली फाइल काढून लेयरची यादी दाखवली. कसं वाचायचं ते दोन वाक्यांत सांगितलं, त्यांना लगेच समजलं. प्रत्येक फाइलीवर तारीख होती. सर तारीख वाचायचे, मग नाव वाचायचे, वर्गात वाचतात तसं, मोठ्याने.

"सतरा जून. उजवा हात, उजवा हात." मग, "आठ जुलै. मिशी, मिशी." मग, "अकरा ऑगस्ट. उजवा हात. काढून झाला. परत काढू नये." मग त्यांचा आवाज कमी झाला आणि ते फक्त ओठ हलवत वाचायला लागले. इरफान पाठ करून उभा राहिला. साहेब एकदा माझ्याकडे बघायचे, एकदा पडद्याकडे. नवरात्रातली फाइल आली. सरांनी पिशव्या बोटाने मोजल्या. वरच्या ओळीवर बोट थांबलं.

"स्वरूपा म्हणजे?"

"मी."

"विचारलं तिने?"

"विचारलं," मी म्हणाले. "नावं वाचतेस का म्हणून विचारलं. मी म्हणाले, वाचते, हसते."

मी तर वाट बघत होते, त्यांनी काहीतरी बोलावं. मग ते साहेबांना म्हणाले, "हे सगळं मला कागदावर मिळेल का? तारखांसकट?" इरफानने कागद काढून दिले, बत्तीस पानं. सरांनी घडी न घालता ती छातीशी धरली. जिन्यात थांबून त्यांनी मला एवढंच विचारलं, "हे दिवाळीपूर्वी मला फोनवर सांगता आलं असतं का?"

"आलं असतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि उतरले.

ऑपरेशन झालं. गाठ हळू वाढणारीच निघाली. काकू वाचल्या, पण उजवा हात गेला आणि बोलणं अडखळत झालं. दिवाळीपूर्वी दवाखान्यात गेल्या असत्या तर हात वाचला असता का, हे मी सरांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. इरफानने कुठून तरी ऐकून आणलं होतं, ते मी त्याला सांगू दिलं नाही. साहेबांनी मला काढलं नाही. ते म्हणाले, तू चांगल्यासाठीच केलंस. ते बोलणं मला शिवीपेक्षा जड गेलं. वर्षभरात मीच नोकरी सोडली.

मे महिन्यात मी काकूंना भेटायला गेले. चार वाजले होते. सरांनी दार उघडलं, आत ये म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. काकू खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. केस बारीक कापलेले, उजवा हात मांडीवर ठेवलेला, डाव्या हाताने त्याला धरलेलं. मला बघून त्यांचे डोळे भरले आणि मला वाटलं, यांना सगळं माहीत आहे. पण सरांनी ते कागद त्यांना दाखवलेच नव्हते.

"तुला एक सांगू," काकू म्हणाल्या. एकेक शब्द शोधून आणावा लागत होता. "मी वेडेपणा करायची. लेयरवर लिहून ठेवायची. आज काढलं. परत काढू नको. असं."

"माहीत आहे काकू."

"भीती वाटायची गं. वाटायचं, मी तेच ते काढतेय. दहा-दहा वेळा. मग सकाळी आले की पहिलं काम, तयार फाइल उघडायची. मोजायचं." त्यांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं. "एक हात. एक टोपी. एक पिशवी. रोज एकच. नावं तू बदलतेस, ते ठाऊक होतं मला. पण काढलेला हात कोण कशाला टाकेल? म्हटलं, एकच आहे. माझंच डोकं फिरलंय."

आत कपबशांचा आवाज झाला. मी खाटेच्या कडेवर बसले होते.

"तरी तुला विचारलं," त्या म्हणाल्या. "एकदा. जेवताना. तू हसते म्हणालीस. म्हटलं, खरंच तसलं काही असतं तर ही पोरगी हसली नसती. मन चिंती ते वैरी न चिंती. मग सोडूनच दिलं लिहायचं. सरांना सांगणार होते, तेही नाही सांगितलं. काय सांगायचं? सगळं तर नीट होतं."

"काकू," मी म्हणाले, "नव्हतं. मी काढून टाकत होते. रोज."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, समजलं नाही, पुन्हा सांगावं लागणार. मग त्यांनी हळूच विचारलं, "पिशव्या किती होत्या?"

"अकरा."

"अकरा," काकू म्हणाल्या. त्यांनी डोकं मागे उशीवर टेकलं, डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. रागाचं नावही त्या चेहऱ्यावर नव्हतं. इतक्या महिन्यांचं काहीतरी अंगावरून उतरावं, असा तो सैल झाला.

"म्हणजे मला बरोबर वाटत होतं," त्या म्हणाल्या.

सर चहा घेऊन आले. मी कप घेतला आणि तो गार होईपर्यंत खाली बघत बसले.